लाल दगडावरचा नैवेद्य

झुंबर विधाते फौजेतून कायमचा घरी आला तेव्हा मखमलाबादच्या लोकांना त्याची चाल मोठी गमतीची वाटली. पाठ ताठ, मान ताठ, सगळं हवालदाराला शोभेल असं. फक्त नजर जमिनीवर. पाऊल टाकायच्या आधी तो ती जागा डोळ्यांनी तपासायचा आणि मगच पाय उचलायचा. डांबरी रस्त्यावर नाही, पण मळ्यात शिरला की हटकून. शेजारच्या वस्तीवरची पोरं त्याच्या मागून तशीच चालून दाखवत आणि बांधाआड पडून हसत.

त्याची मुलगी शुभांगी लहान असताना, तो सुट्टीवर आला की विचारायची, “अण्णा, तुमचं काय हरवलंय?”

झुंबर काही बोलायच्या आत सरुबाई चुलीपुढून म्हणायची, “डोकं हरवलंय त्यांचं. सापडलं तर सांग मला, खुंटीला टांगून ठेवते. घरात तरी राहील.”

मळा तीन एकराचा. झुंबर पलटणीत असेपर्यंत तो थोरल्या भावाने पाहिला, आता वाटणी होऊन झुंबरच्या वाट्याचा झुंबर पाहत होता. थोडी शेवंती, थोडा निशिगंध, आणि बाकी सगळा झेंडू. दसरा-दिवाळी म्हणजे या घराची सुगी. घटस्थापनेपासून पहाटे तोडणी, सकाळी टेम्पो पंचवटीच्या फुलबाजारात, दुपारी परत येऊन पुन्हा तोडणी. मळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, बाभळीखाली, म्हसोबाचा दगड होता. पिढ्यान् पिढ्या शेंदूर चढून चढून तो मुळापेक्षा दुप्पट फुगलेला. दसऱ्याला हंगामातली चांगली फुलं आधी त्याला, सोबत गोडाचा नैवेद्य, मग बाकीचं सगळं. झुंबरच्या आजाने हेच केलं, बापाने हेच केलं.

झुंबर मात्र दहा हातांवरून हात जोडायचा. जवळ जायचा नाही. आणि सरुबाईने नैवेद्य ठेवून नमस्कार केला की लगेच म्हणायचा, “उचल.”

“काय उचल?”

“पान उचल. दाखवलास ना नैवेद्य? झालं. घरी ने.”

“अहो, देवाच्या पुढ्यातलं काढून घेतात का कुठं? मुंग्या खातील, पाखरं खातील, कुणाचं पोर खाईल. पुण्यच की.”

“पोर खाईल म्हणूनच सांगतो, उचल.”

एवढं बोलून तो इतका पांढरा पडायचा की सरुबाई भांडायचं सोडून पान उचलायची. शेंदराचं पाणी पोटात गेलं तर बाधतं, म्हणून सांगत असतील, अशी तिने मनाची समजूत घातली होती. लग्नाला वीस वर्षं झाली तरी नवऱ्यासोबत सलग अशी दोनच वर्षं राहिलेल्या बाईला अशा समजुती घालता येतात.

खरी गोष्ट अशी होती की त्या दगडाशेजारी झुंबरला एक मुलगी दिसायची.

आठेक वर्षांची, काळी, काडीसारखी. अंगात कुणीतरी दिलेला पिवळा फ्रॉक, खांद्यावरून घसरणारा. ती काही करायची नाही. दगडाकडे पाहायची, मग झुंबरकडे पाहायची. जाऊ का, असं विचारल्यासारखं. झुंबर बोट हलवून नाही म्हणायचा. ती तिथेच बसून राहायची. भर दुपारी, उन्हात, फुलं तोडणाऱ्या बायांची बडबड चालू असताना. नारायण नागबळीपासून सगळं करून झालेल्या माणसांच्या गोष्टी त्याने ऐकल्या होत्या, पण त्र्यंबकला जाऊन कुणाचं नाव सांगायचं? कुळ कुठलं सांगायचं? तिचं नाव लुझिया होतं. पुढचं त्याला माहीत नव्हतं.

एकोणीसशे शहाण्णवमध्ये तो आफ्रिकेतल्या अंगोलातून परत आला तेव्हा शुभांगीही आठ वर्षांची होती. मग शुभांगी नववीत गेली, दहावी पास झाली, आईच्या खांद्यावरून उंच झाली. ती मात्र आठचीच राहिली.

*

दोन हजार चार साली शुभांगी अकरावीला नाशिकच्या एका कॉलेजात गेली आणि तिथल्या मालिनी मॅडमनी तिचा आवाज ऐकून तिला वक्तृत्व स्पर्धेला उभं केलं. संयुक्त राष्ट्र दिनाची, चोवीस ऑक्टोबरची स्पर्धा. विषय होता ‘जागतिक शांतता आणि भारताची भूमिका’. त्या वर्षी दसरा आणि स्पर्धा एकाच आठवड्यात येत होती, त्यामुळे घरात एकीकडे फुलांचे ढीग आणि दुसरीकडे भाषणाचं पाठांतर.

एका संध्याकाळी ती ओट्यावर फुलं निवडता निवडता बापाला म्हणाली, “अण्णा, मॅडम म्हणतात आपण मधल्या ताकदीचा देश आहोत. म्हणजे दुसऱ्याला दमात घेण्याएवढे मोठे नाही, आणि गप्प बसण्याएवढे छोटेही नाही. असे देश काय करतात, तर चार देशांना गोळा करतात, बोलणी करतात, शांतिसेनेला माणसं देतात.”

“खरंय,” झुंबर म्हणाला. “आम्हाला निघताना साहेबांनी तेच सांगितलं होतं. आपल्याकडे देण्यासारखा पैसा नाही, माणसं आहेत. तुम्ही नीट वागलात तर दिल्लीचं वजन वाढेल, म्हणाले.”

“वाढलं का?”

“ते आम्हाला कुठं कळतंय? आम्ही पोटावर पडून सुरुंग हुडकत होतो.”

शुभांगी हसली. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “पण एक कळत नाही. कॅनडाने सत्त्याण्णव साली सगळ्या देशांना बोलावलं, की माणसांना मारणारे सुरुंग कुणीच ठेवायचे नाहीत. शंभरावर देशांनी सह्या केल्या. आपण नाही केली. असं का?”

“आपली सीमा लांब आहे. आपल्याला लागतात.”

“मग अंगोलाला नव्हते लागत?”

“त्यांनाही लागत होते म्हणून तर त्यांनी पेरले.”

“आणि तुम्ही दोन हजार दोनमध्ये राजस्थानच्या सीमेवर काय केलंत?”

झुंबरने हातातलं फूल पाटीत टाकलं. “पेरले,” तो म्हणाला.

सरुबाई आतून ओरडली, “अगं, बाप दमून आलाय, त्याची काय उलटतपासणी लावलीस? वकील व्हायचंय का तुला?”

“हो, व्हायचंय!” शुभांगी ओरडली. मग बापाकडे वळून हळूच म्हणाली, “राजस्थानचं मी घेतलेलं नाही भाषणात. मॅडम म्हणाल्या, मुद्दा भरकटेल. पण अंगोलाचं घेतलंय. शेवट ऐका ना.” ती उठून उभी राहिली, ओढणी सावरली. “‘माझे वडील शांतिसेनेत होते. निळी टोपी घालून ते अंगोलात गेले. परक्या देशाची जमीन त्यांनी इंच इंच तपासली. आणि मित्रहो, अभिमानाने सांगते, त्यांच्या पथकाने काम केलं त्या गावात एकाही लेकराला इजा झाली नाही!’ इथे थांबायचं, टाळ्या होतात म्हणे.”

झुंबरने विचारलं, “हे तुला कुणी सांगितलं?”

“आईने.”

“आईला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच,” दारात येऊन सरुबाई म्हणाली. “परत आलात तेव्हा मी विचारलं, तिथं लेकराबाळांचे लय हाल होते का, तर तुम्ही म्हणालात, आमच्या गावात कुणाला काही झालं नाही. आता तेही खोटं होतं का?”

तिने ते थट्टेत विचारलं होतं. झुंबर उठला, पाटी डोक्यावर घेतली आणि शेडकडे गेला. पोरगी आता शेकडो लोकांपुढे उभी राहून त्याच्या नावाने खोटं बोलणार होती आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. थांबवायचं तर खरं सांगावं लागणार होतं. खरं सांगितलं तर ती पुन्हा कधी ‘माझे वडील’ हे शब्द या सुरात म्हणेल का, हे त्याला सांगता येत नव्हतं.

*

अंगोलातल्या त्या गावात झाडं कमी, लाल माती फार. लढाई थांबलेली होती, पण गावातून ओढ्यावर जायच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी सुरुंग पेरून ठेवलेले, आणि कुणी कुठे पेरले ते सांगणारी माणसं मेलेली. झुंबरच्या पथकाचं काम ती वाट मोकळी करायचं. पोटावर झोपायचं, सळई तिरकी धरून जमिनीत हळू टोचायची, बोटभर पुढे, पुन्हा टोचायची. जेवढं तपासून झालं तेवढ्याच्या कडेला पांढरे दगड ठेवायचे. जिथे तपासलेलं नाही त्याच्या तोंडाशी लाल रंगाचे दगड. पांढऱ्यांच्या मधून चाला, लाल दिसला की थांबा. एवढंच.

गावातल्या पोरांना हे शिकवायचं काम झुंबरकडे होतं, कारण त्याला पोरांचा लळा होता. तो तिकडच्या भाषेतले दोनच शब्द नीट शिकला होता. लाल दगडाकडे बोट दाखवून ओरडायचं, “व्हेरमेल्यु!” म्हणजे लाल. मग पोरं एका आवाजात ओरडायची, “नाऊं!” म्हणजे नाही. सगळ्यांत मोठा आवाज लुझियाचा. ती आजीजवळ राहायची आणि दिवसभर छावणीच्या तारेला टेकून उभी असायची. झुंबर तिला शुभांगी म्हणायचा. तीही हाकेला ओ द्यायची.

त्याच्या पथकात मंगळू होता, हरसूलकडचा. झुंबरपेक्षा वयाने लहान, तोंडाने तिखट. सगळ्या पलटणीत नाशिक जिल्ह्यातले हे दोघेच, त्यामुळे सख्ख्या भावांसारखे झाले होते. झुंबरने घरून येताना झेंडूचं वाळलेलं बी चिंधीत बांधून आणलं होतं. ते त्याने तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावलं आणि लंगरमधलं भांडी धुतलेलं पाणी घालून वाढवलं. ऑक्टोबरात डबे पिवळेधमक झाले.

दसऱ्याला सळया, दोऱ्या, फावडी मांडून पूजा झाली. लंगरमध्ये शिरा झाला. मंगळूने कुठून तरी आपट्यासारखी जोडपानं शोधून आणली होती. हुबेहूब आपटाच, फक्त मोठा. सगळ्यांनी एकमेकांना सोनं दिलं, हसले, आणि मग सगळ्यांनाच घर आठवलं.

तेव्हा मंगळू म्हणाला, “विधातेभाऊ, आपल्या शिवंवरच्या वाघदेवाला आज कोंबडं पडलं आसंल. आपन हिथं काय बसलोत सुतक्यावानी? चला, सीमेवरच्या देवाला निवद दाखवू.”

“इथं कुठला आला देव?”

“तो काय! तांबडा, शिवंवर बसलेला. आनी लय कडक. हात लावला तर जीव घेतो. आनखी काय पायजे देवाला?”

सगळे खूप हसले. झुंबरही हसला. हसत हसतच त्याने डब्यातली चांगली फुलं तोडून दिली. दोघे पांढऱ्या दगडांच्या वाटेने शेवटपर्यंत गेले. तिथे पहिला लाल दगड होता. अलीकडच्या बाजूनेच वाकून मंगळूने त्याच्यावर फुलं वाहिली, एक जोडपान ठेवलं, पानावर शिरा, आणि खिशातल्या दोन लिमलेटच्या गोळ्या. दोघांनी हात जोडले. सुरुवात थट्टेने झाली होती, पण हात जोडले तेव्हा दोघांचेही डोळे मिटलेले होते. शेंदरी दगड, झेंडू, गोड पान. घर सोडल्यापासून इतकं घरचं काहीच दिसलं नव्हतं.

परत फिरले तेव्हा लुझिया तारेपाशी उभी होती. मंगळूने तिलाही एक पान दिलं. “सोनं घे, बाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल दगडावरच्या गोळ्या नव्हत्या. पाखरांनी नेल्या, असं झुंबरला वाटलं. त्याने इतकाच विचार केला आणि तो सळई घेऊन कामाला लागला.

दुपारी स्फोट झाला. वाटेवर नाही, वाटेपासून बऱ्याच लांब, दुसऱ्या लाल दगडापाशी. तिथपर्यंत पोचायला त्यांना पोटावरून सरकत, टोचत टोचत जावं लागलं, कारण धावत जाता येत नव्हतं. ती रडत होती, नंतर रडायची थांबली. झुंबर पोचला तेव्हा तिच्या डाव्या मुठीत लिमलेटचा कागद होता, पानात गुंडाळलेला. दवाखान्याच्या वाटेवर ती गेली.

दोन महिने तो रोज तिला सांगत होता, लाल म्हणजे नाही. आणि मग तिने पाहिलं की तेच लोक लाल दगडाजवळ जातात, हात जोडतात, गोड ठेवतात. एका दगडावर गोळ्या सापडल्या, म्हणून ती दुसऱ्या दगडाकडे गेली.

मोठ्या साहेबांनी विचारलं, एवढं शिकवूनही ही पोर तिकडे का गेली? तेव्हा झुंबर आणि मंगळू शेजारी शेजारी सावधान उभे होते. पोरच ते, असं कुणीतरी म्हणालं. साहेबांनी मान हलवली. झुंबरचं तोंड उघडलं नाही. मंगळूचंही नाही.

आणि एवढ्यावरही ते संपलं नाही. चार-सहा दिवसांनी वाटेच्या तोंडाशी झुंबरला पहिल्या लाल दगडावर एक पान दिसलं, पानावर कंदाच्या पिठाचा गोळा. दुभाष्याने सांगितलं, म्हातारीने, लुझियाच्या आजीने ठेवलंय. ती म्हणते, तुमचा देव रागावला आहे, कारण आमच्या पोरीने त्याचं खाल्लं. त्याला आमच्याकडचं जेवण चालतं का?

त्या दिवशी झुंबर आणि मंगळूने सगळे लाल दगड उचलून त्यांच्या जागी धोक्याची पाटी लावलेले खांब ठोकले. कुणी न सांगता.

*

भाषण ऐकल्याच्या चौथ्या दिवशी झुंबर हरसूलला गेला. घरी सांगितलं, बांबूच्या पाट्या आणायच्या आहेत. आठवडे बाजार होता. मंगळू नोकरी लवकर सोडून गावी आला होता, नागली आणि भात करत होता. बाजाराच्या टोकाला चहाच्या टपरीपुढे बसलेला त्याने झुंबरला लांबूनच पाहिलं आणि ओरडला, “हवालदारसाहेब! आजून भुई तपासताय? हिथं खेकड्याबिगर काय निघायचं नाय!”

चहा झाला. झुंबरने पोरीच्या भाषणाचं सांगितलं. शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

मंगळूने बशी खाली ठेवली. “मंग?”

“सांगू का तिला? ती गोष्ट एकट्याची नाही, तुझी पण आहे. म्हणून विचारायला आलो.”

“गोळ्या माझ्या व्हत्या,” मंगळू म्हणाला.

“फुलं माझी होती.”

“मंग झाली की जोडीनं पूजा.” तो हसला नाही. पुढे म्हणाला, “मी तं रोज सांगतो. शिवंवर जातो, वाघदेवापुढं उभा ऱ्हातो, समदं सांगतो. तो काय बोलत नाय. दगडाला सांगनं सोपं हाय. तुझी पोरगी बोलंल, याचं तुला भ्या वाटतं.”

“तुला ती दिसते का रे?” झुंबरने विचारलं. नऊ वर्षांत त्याने हे कुणाला विचारलं नव्हतं.

“दिसत नाय. ऐकू येतं. ‘नाऊं’ म्हनते.” मंगळूने बाजाराकडे तोंड फिरवलं. तिकडे एक बाई लाल मिरच्यांचा ढीग मांडत होती. “सांग. माझं नाव घे बिनघोर. पन एक ध्यानात ठेव, विधातेभाऊ. सांगितलं म्हंजी उतरतं, आसं नाय.”

*

दसऱ्याच्या दिवशी फुलं सकाळीच संपली. घरी येऊन आंघोळी झाल्या. सरुबाईने पुरणाची पोळी, भात, वरण असं पान वाढलं आणि तिघं म्हसोबाला गेली. सरुबाईने झेंडूची माळ घातली, नैवेद्य ठेवला, आणि नवरा काय म्हणणार हे ठाऊक असल्यामुळे आपणच पान उचलायला वाकली.

“राहू दे,” झुंबर म्हणाला. “तू घरी जा. आम्ही आणतो.”

सरुबाईने एकदा नवऱ्याकडे आणि एकदा मुलीकडे पाहिलं. “बापलेकीचं काय शिजतंय?” म्हणाली, पण गेली.

शुभांगी दगडापुढे उभी राहून हसली. “अण्णा, म्हसोबाला भाषण म्हणून दाखवू? याच्यापुढे नाही घाबरले तर सभागृहात नाही घाबरणार.”

“ते शेवटचं वाक्य काढून टाक.”

“कुठलं? टाळ्यांचं? मॅडमना तर तेच...”

“ते खरं नाही.”

मग त्याने सांगितलं. दहा हातांवर उभा राहून, दगडाकडे बघत, काहीही पुढेमागे न करता. लंगरमधला शिरा सांगितला, तेलाच्या डब्यांतला झेंडू सांगितला, लिमलेटचा कागद सांगितला, तिला आपण शुभांगी म्हणायचो आणि ती अजून इथे दिसते तेही सांगितलं. म्हातारीने ठेवलेला पिठाचा गोळा सांगितला. मंगळूचं नाव घेतलं. साहेबांपुढे आपण गप्प उभे होतो हेही सांगितलं. “आणि घरी येऊन तुझ्या आईला खोटं सांगितलं,” तो म्हणाला. “ते तू पाठ केलंस.”

शुभांगी रडली नाही. तिने पहिल्यांदा विचारलं ते हे, “तुम्ही तिला माझ्या नावाने हाक मारायचा?”

“हो.”

“आणि ती ओ द्यायची?”

“हो.”

तिने नैवेद्याच्या पानाकडे पाहिलं. मुंग्या चढल्या होत्या. मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, “आत्ता आहे का ती इथे?”

झुंबरला वाटलं नाही म्हणावं. पण नुकतंच इतकं खरं बोलून झालं होतं. त्याने बाभळीच्या बुंध्याकडे बोट दाखवलं.

शुभांगी त्या बाजूला बघत राहिली. मग पान उचललं, पदराखाली दिवा न्यावा तसं ओढणीखाली झाकलं आणि घराकडे चालू लागली. झुंबर तिच्या मागून घरी आला. सरुबाईने विचारलं, “काय झालं?” शुभांगी म्हणाली, “अण्णा सांगतील तुला.” आणि त्या संध्याकाळी झुंबरने तिलाही सांगितलं. सरुबाई ऐकून उठली, देवापुढे दिवा लावला, आणि म्हणाली, “नऊ वर्षांत जेव्हा जेव्हा घरी होतात तेव्हा मी तुमच्यासंगं नैवेद्यावरून भांडले. एकदा तरी सांगायचं.” एवढंच म्हणाली, पण रात्री तिच्या जेवणाच्या ताटाला हात लागला नव्हता.

*

स्पर्धेच्या दिवशी झुंबर सभागृहात मागच्या रांगेत, दाराजवळ बसला. शुभांगीने चला म्हटलं नव्हतं, येऊ नका असंही म्हटलं नव्हतं. पुढे परीक्षक, मालिनी मॅडम, कॉलेजची पोरं. भिंतीवर निळा कागद आणि त्यावर पांढरं कबुतर चिकटवलेलं.

बोलणाऱ्यांत शुभांगी सातवी होती. छान बोलली. मधल्या ताकदीचे देश, त्यांचं वजन कशातून येतं, कॅनडाने बोलावलेली परिषद, आपण न केलेली सही, सगळं मुद्देसूद. आवाज एकदाही कापला नाही. मग ती शेवटाकडे आली आणि झुंबरने मान खाली घातली.

“माझे वडील शांतिसेनेत होते,” ती म्हणाली. “निळी टोपी घालून ते अंगोलात गेले. परक्या देशाची जमीन त्यांनी इंच इंच तपासली. त्या गावात लुझिया नावाची एक मुलगी होती.”

ती थांबली. सभागृहाला वाटलं, विसरली. मालिनी मॅडम ओठ हलवून पुढचं वाक्य सुचवू लागल्या. शुभांगीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

“माझ्याच वयाची,” ती म्हणाली. “आज अकरावीत असती.”

त्यानंतर ती काही बोलली नाही. नुसती उभी राहिली. वेळ संपल्याची घंटा वाजली, तेव्हा नमस्कार करून खाली उतरली. तुरळक टाळ्या पडल्या. नंबर आला नाही. एक परीक्षक नंतर म्हणाले, मुलगी चांगली होती, शेवटी गाडी अडली. मालिनी मॅडम मात्र झुंबरला दारात भेटल्या आणि काही विचारायला आल्यासारख्या उभ्या राहिल्या. मग त्याचा चेहरा बघून “या घरी केव्हातरी” म्हणून निघून गेल्या.

बसमध्ये शुभांगी खिडकीशी बसली. पंचवटी सोडल्यावर म्हणाली, “अण्णा, मला जे म्हणायचं होतं ते इतकंच होतं.”

“बरं,” झुंबर म्हणाला.

“तुमच्यावर रागावलेली नाही मी.”

इतके दिवस ज्याची भीती होती ते झालं नव्हतं. पोरगी शेजारी बसली होती, तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागत होता. घरी पोचेपर्यंत त्याला वाटत राहिलं की आता कदाचित लुझियाचं ते दगडापाशी बसणंही थांबेल.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उरलेल्या फुलांची तोडणी करायची होती. उजाडलं तेव्हा झुंबर विहिरीवर मोटर सुरू करत होता. शुभांगी पाटी काखोटीला मारून बांधावरून येत होती. लहानपणापासून या बांधावरून ती डोळे मिटूनही पळाली असती. कितीदा पळाली होती. म्हसोबाच्या कोपऱ्यापाशी आल्यावर ती बांध सोडून खाली उतरली, दगडाला लांबून वळसा घातला. बाभळीच्या बुंध्याकडे एकदा पाहिलं.

बुंध्याशी ती बसलेलीच होती, पिवळ्या फ्रॉकमध्ये. पण आज ती झुंबरकडे पाहत नव्हती. शुभांगीकडे पाहत होती.

शुभांगीने खाली नजर घातली. पुढची जागा डोळ्यांनी तपासली. मग पाय उचलला.